नवी गाडी वारंवार बिघडत असेल तर
कॅलिफोर्नियात घेतलेली नवी गाडी त्याच दोषासाठी पुन्हा पुन्हा वर्कशॉपमध्ये जात असेल, तर प्रत्येक खेपेला दुरुस्तीची लेखी नोंद घ्या आणि तीत तुमची तक्रार, तारखा व मैलांचा आकडा नीट आहे का, हे तिथेच वाचून पाहा. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असला तरी तो कागद जपा. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत (जे आधी पूर्ण होईल तोवर) एकाच दोषासाठी चार खेपा, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोन, किंवा एकूण ३० दिवसांहून अधिक काळ गाडी दुरुस्तीत अडकली, तर उत्पादकाला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे कायदा गृहीत धरतो आणि गाडी बदलून किंवा पैसे परत मागताना तुमची बाजू भक्कम होते. डीलरवर विसंबू नका, उत्पादकाला थेट लेखी कळवा. परतावा देताना त्या दोषासाठी गाडी पहिल्यांदा दुरुस्तीला नेईपर्यंतच्या मैलांच्या प्रमाणात रक्कम कापली जाते, म्हणून ती पहिली खेप लांबवू नका. खटला जिंकल्यास वकिलाचे वाजवी शुल्क उत्पादकच भरतो.