अमली पदार्थात भेसळ असली तर धोका उलट कमीच होत नाही का?

आपण विचारले आहे की, पुडीतून विकल्या जाणाऱ्या अमली पदार्थांत निम्म्याहून अधिक खडू, ग्लुकोज किंवा पिठीसाखर असते असे म्हणतात. मग मूळ पदार्थ तेवढा कमीच शरीरात जात असेल, तर भेसळीचा एवढा बाऊ कशासाठी? औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे विषशास्त्र शिकवले आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी कोणीतरी विद्यार्थी हाच प्रश्न विचारीत असे. हिशेब वरवर बरोबर दिसतो. त्यात भेसळ करणारा माणूस मात्र धरलेला नाही.

दुधाचे उदाहरण घ्या. दुधात नुसते पाणी घातले तर डिग्री (दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरचा आकडा) उतरते आणि संकलन केंद्रावर ते लगेच पकडले जाते, म्हणून पाणी घालणारा पुढे ती उणीव झाकण्यासाठी युरियासारखे काहीतरी घालतो. पाण्याने गिऱ्हाइकाच्या पैशाचे नुकसान होते, युरियाने शरीराचे. अमली पदार्थांचेही असेच आहे. वजन वाढवणारी साखर तोंडावाटे गेली तर फारसे काही करणार नाही, पण तिच्यामुळे कमी झालेला कडवटपणा, रंग आणि अंमल भरून काढायला जे घातले जाते, ते बहुधा स्वतःच एक औषध किंवा विष असते. गर्दमध्ये, म्हणजे अशुद्ध हेरॉइनमध्ये, कॅफिन आणि पॅरासिटामॉल वारंवार सापडतात. पॅरासिटामॉलची मोठी मात्रा यकृत निकामी करते, आणि रोज पुड्या ओढणाऱ्याला आपल्या शरीरात ते किती गेले याची कल्पनाही नसते. तोंडावाटे निरुपद्रवी असलेली पूडही शिरेतून टोचली की निरुपद्रवी राहत नाही, कारण टाल्कसारखे न विरघळणारे कण फुप्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि तेथे कायमच्या गाठी तयार होतात.

माझ्या मते सर्वांत बोधक उदाहरण लेव्हामिसोलचे आहे. हे जंतांवरचे औषध असून आज मुख्यतः जनावरांसाठी वापरले जाते. अमेरिकेत २००९ च्या मध्यापर्यंत जप्त केलेल्या कोकेनच्या सुमारे ६९ टक्के नमुन्यांत ते सापडले होते. दिसायला ते पांढरी पूड असते आणि शरीरात त्याचे काही अंशी एका उत्तेजक द्रव्यात रूपांतर होते, त्यामुळे घेणाऱ्याला माल हलका असल्याचा संशय येत नाही. काही जणांच्या रक्तातील संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र त्याने जवळजवळ नाहीशा होतात. असा रुग्ण ताप आणि घसादुखी घेऊन दवाखान्यात येतो, आपण काय घेतो ते सांगत नाही, प्रतिजैविकांनी आणि विश्रांतीने बरा होऊन घरी जातो, पुन्हा तीच पूड घेतो आणि पुन्हा आजारी पडतो. काहींच्या कानाच्या पाळ्या आणि गालांवरची कातडी जांभळी-काळी पडून सडते. यांपैकी कोणतेही लक्षण कोकेनचे म्हणून शिकवले जात नसल्याने डॉक्टरांची शोधाची दिशाच चुकते.

जर्मनीतील लाइपझिग शहरात २००७ मध्ये असेच घडले. पोटात कळा, रक्तक्षय आणि थकवा अशा तक्रारी घेऊन तरुण रुग्ण येऊ लागले आणि त्यांच्या रक्तात शिसे सापडले. एवढ्या वेगवेगळ्या माणसांना शिसे मिळाले कोठून, हे कळेना. शेवटी समान धागा निघाला तो गांजाचा: वजन वाढावे म्हणून त्यात शिशाचे कण मिसळले होते. पोटातून शिसे जेवढे शोषले जाते त्यापेक्षा धुरावाटे फुप्फुसांतून पुष्कळच अधिक शोषले जाते. विक्रेत्याला कोणाला मारायचे नव्हते, त्याला केवळ तराजूचे पारडे खाली जायला हवे होते. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात कृत्रिम गांजात उंदीर मारण्याचे विष, ब्रोडिफॅकम, सापडले. दीडशेहून अधिक लोकांना नाकातून, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्तस्राव झाला, काही दगावले आणि जे वाचले त्यांना व्हिटॅमिन के महिनोन्महिने घ्यावे लागले.

दुसरा धोका मिसळण्याच्या पद्धतीतच आहे. वर्गात मी अर्धा किलो साखरेत पोटॅशियम परमँगनेटचे चिमूटभर खडे टाकून विद्यार्थ्यांना ती हाताने ढवळायला लावीत असे आणि मग त्यातून घेतलेला एकेक चमचा पाण्याच्या वेगवेगळ्या ग्लासांत टाकीत असे. एक ग्लास गर्द जांभळा व्हायचा, शेजारचा जेमतेम गुलाबी. कारखान्यात गोळीतील मात्रा सारखी राहावी म्हणून यंत्रे आणि चाचण्या असतात, पुडी बांधणाऱ्याकडे नसतात. हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असलेल्या फेंटानिल या अफूवर्गीय कृत्रिम वेदनाशामकाचे दोन मिलिग्रॅमही सवय नसलेल्या माणसाला जीवघेणे ठरू शकतात. म्हणून एकाच मालातील एक पुडी काहीच करीत नाही आणि दुसरी श्वास थांबवते. अशा वेळी नालोक्सोन हा अफूवर्गीय पदार्थांवरचा उतारा माणसाला वाचवू शकतो. परंतु अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात फेंटानिलबरोबर मिसळले जाऊ लागलेले झायलाझिन हे जनावरांना गुंगी देणारे औषध त्याला दाद देत नाही, आणि ते वापरणाऱ्यांच्या हातापायांवर टोचले नाही तेथेही खोल जखमा होतात.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर मालाडच्या मालवणीतील जून २०१५ ची विषारी दारू आठवावी, जिच्यातील मेथॅनॉलने शंभरहून अधिक माणसे गेली. मेथॅनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होण्यास काही तास लागतात, त्यामुळे पिणाऱ्याला आधी साधी नशाच जाणवते. नजर अंधुक होऊन पोट दुखू लागेपर्यंत विषाने आपले काम बरेचसे केलेले असते.

आपल्या ओळखीचे कोणी असे काही घेत असेल, तर एक गोष्ट अवश्य सांगावी. लघवीच्या नेहमीच्या झटपट चाचणीत शिसे, लेव्हामिसोल, झायलाझिन किंवा उंदराचे विष यांपैकी काहीही दिसत नाही. म्हणून रुग्णालयात नेताना काय घेतले, किती वाजता आणि ओढून, नाकाने की टोचून, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. माणूस उठत नसेल किंवा श्वास मंद होत असेल तर त्याला कुशीवर वळवून लगेच १०८ ला दूरध्वनी करावा. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ ही आहे.