चिंच लावू नकोस

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझ्या जुन्या नाण्याचे दोन्ही फोटो पाहिले. मातीचा आणि हिरवट क्षारांचा एवढा थर आहे, ते घासायला तुझे हात शिवशिवणारच. पण चिंच, लिंबू, व्हिनेगर, पीतांबरी सगळं आधी नजरेआड कर. तांब्याचा हंडा घासायला ते ठीक. ब्राँझचं नाणं दोन हजार वर्षं जमिनीत राहिलं, की वरचा धातूच क्षार होऊन बसतो: लाल क्युप्राइट, त्यावर हिरवं मॅलकाइट. ठशाचे बारकावे पुष्कळदा या घट्ट पापुद्र्यातच उरलेले असतात. आम्लाने तो विरघळला की हाती येते खड्डे पडलेली तांबूस चकती. ती मग कुणालाच वाचता येत नाही.

म्हणून आधी ओळख, मग सफाई. व्यास १९ मिलिमीटर, वजन साडेसहा ग्रॅम, आणि बॅटरी आडवी धरून काढलेल्या फोटोत उभा दांडा, वर तीन टोकं. तो त्रिशूळ असेल तर माझा अंदाज सिसिलीतल्या सिराक्यूजचा: दुसरा हिएरॉन, आर्किमिडीजच्या काळातला राजा, इ. स. पू. २१५ मध्ये वारला. त्याच्या या नाण्यावर एका बाजूला डावीकडे पाहणारा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. दुसरीकडे त्रिशूळ, दोन्ही अंगांना डॉल्फिन. राजाचं नाव ग्रीक अक्षरांत, षष्ठीत (‘हिएरॉनचं’), दांड्याने दुभंगलेलं: डावीकडे ‘इएर’, उजवीकडे ‘ओनोस’. नाणं दुर्मिळ नाही, आणि शिकायला तेच बरं.

तेव्हा सगळं नाणं उघडायच्या भानगडीत पडू नकोस. दांड्याची उजवी बाजू तेवढी बघ. तिथे घोड्याच्या नालेसारखा ओमेगा (Ω, ‘ओनोस’मधलं पहिलं अक्षर) सापडला तर निम्मं काम झालं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेव, पाणी रोज बदल. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि क्लोराइड म्हणजे ब्राँझचा काळ. मऊ झालेली माती दहापट भिंगाखाली, ओली असतानाच, बांबूच्या टूथपिकने काढ. सुई नकोच. माती भुगा होऊन सुटते; गुळगुळीत, टणक काही लागलं की हात आवर.

कुठे फिकट पोपटी, पिठासारखी पूड दिसली तर तो ब्राँझ डिसीज, म्हणजे क्लोराइडने ब्राँझ पोखरणारा रोग. नाणं नीट कोरडं करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत बंद कर आणि संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे ने. त्यावर घरगुती उपाय करू नकोस.

त्रिशुळाखाली एक-दोन बारीक अक्षरंही असतात. त्यांवरून प्रकार आणखी नेमका ठरतो. ती दिसली तर उजेड डावीकडून धरून फोटो काढ आणि पाठव.