कोर्टाचं समन्स हाती पडल्यावर

प्रश्न : क्रेडिट कार्डाचं पाच वर्षांपूर्वीचं देणं थकलंय. वसुली एजंट म्हणतो, तुरुंगात जाल. आता ‘ऑर्डर ३७’ लिहिलेलं समन्स आलंय. घरी कुणालाच ठाऊक नाही. काय करू?
– एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुरुंगाची भीती मनातून काढून टाका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी (म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा निकाल) स्त्रीला अटक करता येत नाही. अशी धमकी बाईमाणसाला देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

पण समन्स बाजूला ठेवू नका. ‘ऑर्डर ३७’ म्हणजे पैशाचा झटपट निकालाचा दावा; त्यात बचाव करायलाही कोर्टाची परवानगी लागते. ते मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची असते. नाहीतर दाव्यातलं सगळं तुम्हाला कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. पुढे ‘समन्स फॉर जजमेंट’ (निकाल मागणारं दुसरं समन्स) येईल, तेव्हा पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची.

शेवटचा भरणा कधी केला, ते स्टेटमेंटवर शोधा. असा दावा दाखल करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची; ती उलटली असेल तर तो तुमचा बचाव ठरू शकतो. मध्यंतरी लेखी कबुली दिली असेल तर हिशेब बदलतो, म्हणून एजंटाच्या कुठल्याही कागदावर आता सही नको.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उद्याच जा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सोबत न्या.