दोर, यात्रेचा हंगाम आणि दहावी

प्रश्न : आम्ही डोंबारी. पावसाळाभर पेठ रोडला पाल ठोकून असतो, दिवाळी झाली की यात्रांना निघतो. खुंटी मी स्वतः ठोकतो, आधी टाचेनं जमीन दाबून बघतो, मगच लेकीला दोरावर चढू देतो. लेकीला चौदा पूर्ण झाली. डोक्यावर कळशा, पायाखाली थाळी घेऊन ती दोर पार करते. सहावीनंतर शाळा सुटली. धाकटा नऊ वर्षांचा, तोही आता चढायला लागलाय. एक सर म्हणाले, हिला जिम्नॅस्टिकला घाला, मेडल आणेल. खेळ बंद करायचा का? बंद केला तर खायचं काय?
*एक वडील, नाशिक*

उत्तर : दादा, नमस्कार.

खेळ आज बंद करा असं मी सांगणार नाही. मात्र धाकट्याला दोरावरून आजच उतरवा. सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये बंदी घातली. 2016 च्या कायद्यात बालकलाकारांना सूट मिळाली, पण सर्कस तीतून वगळली. आपला खेळ सर्कस आहे की नाही, या वादात पडू नका. सर्कशीत खाली जाळी तरी असते, तुमच्याकडे फरशी नाहीतर डांबर. लेकीचाही दोर छातीच्या वर नको आणि खाली जाड गादी हवीच.

सर चांगल्या मनानं बोलले, पण स्पर्धेच्या जिम्नॅस्टिक्ससाठी चौदावं वर्ष उशिराचं आहे. मुली सहा-सात वर्षांच्या असल्यापासून तयारी करतात. त्यात बीम, व्हॉल्ट, बार, फ्लोअर अशा चार गोष्टी असतात. बीम म्हणजे तोल सांभाळत चालायची दहा सेंटिमीटर रुंद पट्टी, ती तुमच्या लेकीला हमरस्ता वाटेल, पण बाकी तीन गोष्टी तिला पहिल्यापासून शिकाव्या लागतील.

मला तिच्यासाठी दोरीचा मल्लखांब जास्त योग्य वाटतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जीव दिला. त्यांना ही विद्या सप्तशृंगी गडावर मिळाली, अशी आख्यायिका आहे. चैत्रात ज्या गडाच्या यात्रेला इतकी माणसं जातात, तोच हा गड. आज मल्लखांब खेलो इंडिया स्पर्धांमध्ये आहे, आणि नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेत तो पूर्वीपासून शिकवला जातो. तिथं जाऊन एकदा नुसतं बघून या. एक सांगून ठेवते : हा दोर वरून टांगलेला असतो. त्याला पकड लागते, दंड-खांदे लागतात. तिचा सगळा कस पायांत आणि कमरेत आहे. सुरुवातीला तिच्यापेक्षा लहान पोरी पुढे दिसतील, तेव्हा तिला नाउमेद होऊ देऊ नका. पावसाळ्याचे चार महिने आधी पाठवा. जीव रमला तर वर्षभर नाशिकला कुणाकडे ठेवता येईल का, ते मग बघू.

आता शिक्षण. दत्तजयंतीला सारंगखेडा, पौष पौर्णिमेला चंदनपुरीचा खंडोबा, मग त्र्यंबकला निवृत्तिनाथ, चैत्रात गड : या भागातल्या यात्रांचा हंगाम असा चालतो. राज्य मंडळाची दहावी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हंगामात. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पाचवी पास असली की पुरते. पण परीक्षेच्या दिवसांत पाल कुठं असेल, याची खात्री तुम्ही देऊ शकाल का? म्हणून मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सुचवते. त्यांची एक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. तेव्हा तुम्ही नाशिकमध्येच असता, फार तर निघायच्या तयारीत. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, ती झालीच आहेत. मराठीतून देता येते. पाच वर्षांत विषय सुटे सुटे काढता येतात, पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. नोंदणी मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी बंद होते, केंद्रावर तारीख विचारून घ्या.

बारावीनंतर आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. पुढे बी.पी.एड. करून शाळेत खेळाची शिक्षिका होता येतं.

धाकट्याला शाळा कधीही, वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारू शकत नाही. जन्मदाखला नाही म्हणून तर नाहीच. बाहेर निघताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, जाल त्या गावच्या शाळेत ते दाखवा. विमुक्त-भटक्यांच्या निवासी आश्रमशाळाही आहेत, पण नऊ वर्षांचं पोर आईपासून तोडायची घाई मी करणार नाही.

जातीच्या दाखल्याचं काम मात्र लांबवू नका. डोंबारी भटक्या जमाती 'ब' मध्ये येतात. 21 नोव्हेंबर 1961 आधीचा पुरावा मागतात आणि तिथंच पालावरची माणसं अडतात. तुमच्या वडिलांकडच्या कुणा नातलगाचा दाखला झाला असेल तर त्याची नक्कल आधी मिळवा, बरंच सोपं होतं.

तुमच्या पत्रात लेक स्वतः काय म्हणते, ते कुठंच नाही. सहावीपर्यंत शिकली आहे, पुढचं पत्र तिला लिहू द्या. व्यायामशाळा बघून आल्यावर लिहिलं तर आणखी चांगलं.