'मंदी' नव्हे, 'वाढ खुंटली'

परळच्या एका वाचकाने विचारलं आहे: "ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेवरचा एक लेख मराठीत करतो आहे. २००८ नंतर तिथली वाढ जवळपास थांबल्यासारखी झाली आणि त्यावर औद्योगिक धोरण नि इनोव्हेशन हा उतारा सांगितला जातो, असा विषय आहे. स्टॅग्नेशनला मी 'मंदी' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खूण केली की रिसेशनलाही तुम्ही मंदीच म्हटलंय. 'कुंठितावस्था' केलं, तर घरात कुणालाच कळलं नाही. काय लिहू? आणि इनोव्हेशनला नवोन्मेष, नवकल्पना, नाविन्यता, नवप्रवर्तन यांतलं काय?"

बाईंचं बरोबर आहे. स्टॅग्नेशनला मंदी म्हटलं की वाचकाला दुखणं वेगळंच कळतं.

मंदी हा बाजारातला शब्द. तो एकटा कधी येत नाही, जोडीला तेजी असतेच. तेजी फारसीतून आली, मंदी संस्कृत 'मंद'वरून आली, आणि दोघींची गाठ बाजारात पडली. मुंबईला ही जोडी समजावून सांगायला नको. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, तेव्हा इथल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. त्या पैशावर शेअर्सचं वेड पसरलं. युद्ध संपलं तसं १८६५ मध्ये सगळं कोसळलं आणि समुद्रात भर घालून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअर्सची रद्दी झाली. आधी तेजी, मग मंदी. दाणाबंदरातला व्यापारी आजही "सध्या धंदा मंदा आहे" म्हणतो, त्यातला 'सध्या' फार महत्त्वाचा. मंदी फेऱ्यासारखी असते. ती येते, टिकते आणि जाते. मंदीच्या मागून तेजी येणार हे त्या शब्दातच गृहीत आहे. म्हणून उत्पादन सलग दोन तिमाह्या घटलं की आपण मंदी म्हणतो ते योग्यच आहे.

तुमच्या लेखातलं ब्रिटनचं दुखणं तसं नाही. २००८ च्या आधी तिथे तासाभराच्या कामातून निघणारं उत्पादन वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी वाढायचं, त्यानंतर ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. दरवर्षी घट होत नाही, कारखाने पटापट बंद पडत नाहीत, पण जितकं वाढायला हवं तितकं काही वाढत नाही. याला मराठीत अगदी घरातला शब्द आहे: वाढ खुंटणे.

खुंट म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला बुंधा. पीक खुंटतं, वाट खुंटते, बोलणं खुंटतं, उपाय खुंटतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जे खुंटतं ते पुढे जाणारं होतं, त्याने पुढे जायला हवं होतं. दगडाची वाढ खुंटली असं कुणी म्हणत नाही. शिवाय खुंटलं म्हटल्याबरोबर ऐकणारा विचारतो, "कशामुळे?" पाणी कमी पडलं? मुळाला कीड लागली? मंदी म्हटलं की माणूस वाट बघतो, खुंटलं म्हटलं की कारण शोधतो. मला हा शब्द एवढा मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी.

अंगणवाडीतलं उदाहरण घ्या. तिथे मुलाची दोन वेगळी मापं पाहतात. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल अलीकडे रोडावलं आहे, वयाच्या मानाने उंची कमी असेल तर त्याची वाढ खुंटली आहे. तापात उतरलेलं वजन चार आठवड्यांच्या खाण्यापिण्याने परत येतं. खुंटलेल्या उंचीला वर्षानुवर्षांचं अपुरं पोषण कारण असतं आणि ती भरून काढणं फार कठीण असतं. मंदी आणि खुंटलेली वाढ यांत तोच फरक आहे. मंदीत व्याजदर उतरवून किंवा सरकारी खर्च वाढवून मागणीला टेकू देता येतो. खुंटलेल्या वाढीसाठी कौशल्य, यंत्रसामग्री, संशोधन इथपर्यंत खाली उतरावं लागतं.

आपल्याच देशाचे आकडे लावून पाहा. १९५० ते १९८० भारताची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढली. लोकसंख्या दोन टक्क्यांहून वेगाने वाढत होती, त्यामुळे दरडोई वाढ सव्वा टक्क्याच्या आसपासच राहिली. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी याला 'हिंदू रेट ऑफ ग्रोथ' म्हटलं (धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं). त्या तीस वर्षांना मंदी म्हणता येणार नाही, कारण गाडी पुढे जात होती. उलट १९७९-८० मध्ये दुष्काळ आणि तेलाच्या किमती यांनी राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटलं, ती मंदी. एकाच काळात दोन्ही दुखणी दिसतात, आणि शब्द एकच वापरला तर दुसरं दुखणं दिसेनासं होतं.

बाकीचे पर्याय. 'कुंठित' चुकीचा नाही, पण कुंठ म्हणजे बोथट. मती कुंठित होते, शस्त्राची धार कुंठित होते. त्यात वाढीचं चित्रच नाही. 'साचलेपण' मूळ इंग्रजी शब्दाच्या अधिक जवळ जातं, कारण लॅटिन 'स्टॅग्नम' म्हणजे साचलेलं पाणी. पण हिंदमाताला पावसात पाणी साचतं तेव्हा आपल्याला ते ओसरायला हवं असतं; इथे वाढायला हवं आहे. चित्र उलटं होतं. 'स्थिरता' तर मुळीच नको, तो कौतुकाचा शब्द आहे.

आता इनोव्हेशन. 'नाविन्यता' राज्य सरकारच्या एका विभागाच्या नावातही आहे, पण तो शब्द घडणीतच चुकला आहे. नवीनचं भाववाचक नाम नावीन्य, दुसरं अक्षर दीर्घ. त्याला पुन्हा 'ता' लावणं म्हणजे 'धैर्यता', 'सौंदर्यता' म्हणण्यासारखं. 'नवोन्मेष' सुंदर आहे. उन्मेष म्हणजे उमलणं, डोळे उघडणं. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभेच्या व्याख्येत 'नवनवोन्मेषशालिनी' हे विशेषण येतं. पण ते कवीला शोभतं, कारण त्यात सुचण्यावर भर आहे. 'नवकल्पना'चंही तेच.

अर्थशास्त्रात सुचणं पुरत नाही. अर्थतज्ज्ञ जोसेफ शुंपीटरने शोध आणि इनोव्हेशन यांत काटेकोर फरक केला. नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, उद्योगाची नवी रचना, यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष चालू व्हायला हवं. चालू करणे म्हणजे प्रवर्तन, म्हणून पाठ्यपुस्तकांतला 'नवप्रवर्तन' हाच नेमका आहे. सूतगिरणीचं उदाहरण देतो. सूत कातणाऱ्या रिंग चातीचा शोध लागला अमेरिकेत, १८२८ साली. लँकेशायरचे गिरणीवाले मात्र पुढे कित्येक दशकं म्यूल नावाच्या जुन्या यंत्रावरच सूत काढत राहिले. इकडे जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८० च्या दशकातच रिंग चात्या बसवल्या. नवकल्पना अमेरिकेची, नवप्रवर्तन नागपूरचं. पुढे मुंबईच्या अनेक गिरण्यांत नवी यंत्रं आली नाहीत, आणि गिरणगाव त्यांना 'आजारी गिरणी' म्हणू लागलं. १९८२ चा संप ऐन भरात होता तेव्हाही आमच्या चाळीत कुणी नुसतं 'मंदी आहे' म्हटल्याचं मला आठवत नाही. साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, उभी हयात काढलेल्या माणसांना आजार कुठे आहे ते दिसत होतं.

'इंडस्ट्रियल स्ट्रॅटेजी'तल्या 'स्ट्रॅटेजी'साठी 'व्यूहरचना' शोधू नका, 'औद्योगिक धोरण' पुरेसं आहे. कुणी म्हणेल, धोरण म्हणजे पॉलिसी, स्ट्रॅटेजीत निवड असते. पण आपल्या १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावातही निवड होतीच: १७ उद्योग सरकारकडे, १२ हळूहळू सरकारकडे, उरलेले खासगी क्षेत्राला. संस्कृत कोशांत धोरण म्हणजे वाहन, आणि घोड्याची दुडकी चालही. एका लयीत, न थांबता जाणं. ब्रिटनने २०१७ मध्ये असं धोरण जाहीर केलं, २०२१ मध्ये गुंडाळलं आणि जून २०२५ मध्ये आठ क्षेत्रं निवडून पुन्हा नवं आणलं. लेखात हा क्रम सांगताना 'धोरणात सातत्य राहिलं नाही' एवढं लिहिलं तरी वाचकाला नेमकं कळेल.

मथळ्यात नाम लागलं तर 'खुंटलेली वाढ' घ्या. मजकुरात मात्र क्रियापदच ठेवा: "२००८ नंतर ब्रिटनची उत्पादकता खुंटली, नवप्रवर्तनाला बळ दिल्याशिवाय ती वाढणार नाही, असं नव्या औद्योगिक धोरणाचं म्हणणं आहे." आणि जिथे लेखक कुणाला तरी जबाबदार धरतो, तिथे 'खुंटवली' हे प्रयोजक रूप वापरा. 'मंदी'ला तसं रूपच नाही.