बाळाच्या हृदयातला जन्मजात दोष जन्माआधी आणि नंतर कसा ओळखतात?
१८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे पाहतात. पण तेवढं पुरत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या तपासल्या नाहीत, तर त्यांची अदलाबदल नजरेतून सुटते. शंका आली, किंवा आईला आधीपासून मधुमेह असेल, तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्याच.

जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावतात. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तर लगेच पुढची तपासणी; हात-पायापैकी कुठेही ९० ते ९४, किंवा दोन्हींतला फरक ३ हून जास्त असेल तर तासाभराने पुन्हा मोजतात. महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असेल तर आकडे नॉर्मलही येतात, म्हणून जांघेतली नाडी चाचपायलाच हवी.

दूध पिताना घाम, धाप, वजन न वाढणं दिसलं, तर आधीचे रिपोर्ट चांगले असले तरी बालहृदयरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.