प्राइमर मारायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्लास्टिकचं विमान जोडायचं कसं ते लिहिलं होतं, तेव्हापासून रंगाचेच प्रश्न येऊन राहिले. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे प्रश्न रंगाचे नाहीतच, रंगाच्या आधी जे काम राहून गेलं त्याचे आहेत. म्हणून या वेळी तेवढेच घेतले. प्राइमर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा पायाचा हात.

प्रश्न : नमस्कार दादा. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ रिटायर झालं ते टीव्हीवर पाहून पोरानं हट्ट धरला म्हणून १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) किट ऑनलाइन मागवलं, दोघांनी मिळून जोडलं, ब्रशनं अॅक्रेलिक हिरवा रंग देला अन् दुसऱ्या शेडसाठी मास्किंग टेप लावून काढली, तं टेपसंग रंगाची सालटीच्या सालटी निंगून आली. रंग डुप्लिकेट भेटला का?
— एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : भाऊ, रंगाले काहून दोष देता, रंगाला धरायला काही भेटलंच नाही. किटचे पार्ट साच्यातून निघतात तेव्हा कधीकधी साच्यातलं तेलकट काहीतरी त्यांच्यावर राहते, वरून जोडताना आपल्या बोटांचं तेल लागते, आणि आपल्याकडे तर्री-पोहे खाऊन तसेच कामाला बसणारे काही कमी नाहीत. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन आधीच गुळगुळीत, अॅक्रेलिक त्याच्यावर नुसता बसून राहतो, चिकटत नाही.

पुढच्या किटला पार्ट फ्रेमवरून कापायच्या आधीच धुवा. कोमट पाणी, भांडे घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब, जुना टूथब्रश. खाली चाळणी ठेवा नाहीतर पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजणारी पुढची बारीक नळी) मोरीतून गेली की गेली. वाळवायचं सावलीत, टिनावर उन्हात ठेवलं तर पातळ भाग वाकतात.

आता जोडलेल्या विमानाचं. जिथे जिथे टेपनं रंग उचलते तिथला रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमधी कापसाचा बोळा भिजवून काढून टाका. थिनर चुकूनही घेऊ नका, रंगासोबत प्लास्टिकही विरघळते. मग पाठीवरची जोडाची रेघ पाहा. मिगचं धड गोल आहे, तिथे पॉलिश पेपर एकाच जागी घासला तर चपटं होते आणि मग ते रंगाखाली लपत नाही. बूट चमकवणारे कापडाची पट्टी दोन्ही हातानं धरून पुढेमागे ओढतात तसा पेपर ओढायचा. सुरुवात ४०० नंबरनं (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), पण फक्त जोडावर, मग ६०० आणि शेवटी १००० पाणी लावून. पॅनलच्या (पत्र्याच्या जोडांच्या) रेघा घासल्या गेल्या तर सुईनं हलक्या हातानं पुन्हा कोरता येतात, आत्ताच कोरा, नंतर कंटाळा येतो.

फट राहिली असेल तर पुट्टी पातळ पातळ थरात भरा, ती वाळताना आकसते, एकदाच जाड भरली की दुसऱ्या दिवशी तिथे खड्डा दिसतो. फेविक्विकमधी टाल्कम पावडर मिसळूनही फट छान भरते, पण मग तासाभरात घासून घ्या, उशीर केला की ते प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना बाजूचं प्लास्टिकच जाते.

एवढं झाल्यावर पुन्हा एकदा धुवा, वाळवा आणि करड्या प्राइमरचा एक पातळ हात मारा. प्राइमर रंगाला पकड देतो हे खरंच, पण माझ्या मते त्याचं मोठं काम म्हणजे तो चुका दाखवतो. पुट्टी पांढरी, प्लास्टिक करडं, त्यात ओरखडा दिसत नाही. सगळं एका रंगाचं झालं आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडला की सगळं उघडं पडते. जिथे दिसलं तिथे घासा, तेवढ्यावरच परत प्राइमर. लोक इथेच घाई करतात.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले मारलेला रेड ऑक्साइड अर्धा डबा उरला हाय. तोच पातळ करून विमानाले चालीन का?
— पुसदहून

उत्तर : नाही चालणार. तो लोखंडाला गंज लागू नये म्हणून असतो, जाड बसतो आणि थिनर टाकून पातळ करालही तर त्या थिनरनं प्लास्टिक खराब होईल. शिवाय हिशोब करून पाहा, १/७२ मधी ०.१ मिमीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिमीचा लेप झाला, रेघा, रिव्हेट सगळं बुजलं. हॉबीचा प्राइमर महाग वाटत असेल तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात प्राइमर सरफेसरचा स्प्रे कॅन मिळतो, तो आधी किटच्या उरलेल्या फ्रेमवर मारून एक दिवस ठेवा. प्लास्टिक चिकट झालं किंवा बारीक तडे दिसले तर तो कॅन ट्रॉलीलाच ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी छपरीत स्प्रे प्राइमर मारला तर विमान रेती टाकल्यासारखं खरखरीत झालं. घरचे म्हणाले उन्हानं झालं असेल, म्हणून दुसरं विमान आत कूलरसमोर बसून मारलं तर त्याच्यावर पांढुरकी झाक आली. आता कुठं मारू?
— एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : तुम्ही दोन्ही टोकं गाठली राजेहो. ४५ अंशांत स्प्रेचा थेंब विमानापर्यंत पोहोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि वर नुसती भुकटी येऊन बसते. कूलरसमोर उलटं झालं. स्प्रेच्या लॅकर प्राइमरमधलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं थिनरसारखं द्रव्य) भरकन उडते, तेवढ्यापुरता पृष्ठभाग थंड पडतो आणि कूलरच्या हवेतली ओल त्याच्यावर धरते, ती पांढरी झाक तीच. पावसाळ्यात झड लागली की कूलर नसतानाही हेच होते, तेव्हा झडीचे दिवस सोडूनच द्या.

उन्हाळ्यात सकाळी सहा-साडेसहाला, वारं सुटायच्या आधी, मोकळ्या जागेत मारा. कॅन दोन मिनिटं चांगला हलवायचा, अंतर २० सेंटीमीटरच्या आसपास, बटण विमानाच्या बाहेर दाबायचं, हात सरकवत न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. पहिला हात इतका हलका की खालचं प्लास्टिक दिसलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. तोंडाला मास्क पाहिजेच, आणि जवळपास चूल पेटलेली नको, त्या कॅनमधला गॅस पेट घेतो. कॅन गाडीत किंवा टिनाखाली ठेवू नका, ५० अंशांच्या वर तापला तर फुटू शकतो.

खरखरीत झालेलं विमान फेकू नका, १००० च्या पेपरनं पाण्यात घासलं की साफ होते. झाकवालंही हलकं घासून कोरड्या सकाळी परत मारा.

प्रश्न : आमच्या जि. प. शाळेतल्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचं ग्लायडर केलं. स्प्रे मारताच पंखाला खड्डे पडले, मुलं रडवेली झाली. थर्माकोल रंगवताच येत नाही का?
— एक शिक्षिका, ता. साकोली

उत्तर : येतो मॅडम, फक्त स्प्रे कॅनचा नाही. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, पण फुगवलेलं, आत बहुतेक हवाच, त्यामुळे सॉल्व्हंट लागलं की विरघळून खड्डा पडतोच. त्यावर पाण्यातलंच काहीतरी पाहिजे. आधी ४०० च्या पेपरनं अगदी हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासा नाहीतर दाणे उपटतात. मग फेविकॉलमधी निम्मं पाणी घालून त्यानं पातळ कागद, पतंगाचा असेल तर फारच छान, पंखावर चिकटवा. पंखाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावा, एकीकडूनच लावला तर वाळताना पंख वाकतो. वाळल्यावर साधा अॅक्रेलिक रंग.

खड्डे पडलेला पंखही हलक्या पुट्टीनं भरून त्यावर कागद लावता येईल. पण वजन पाहा, आणि शेपटीला तर रंग कमीतकमी, मागे वजन वाढलं की ग्लायडर नाक वर करून खाली येते. रंगवून झाल्यावर पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांनी उचलून बघा, शेपूट खाली झुकली तर नाकाला थोडी माती लावा.

प्रश्न : मले मिग चांदीच्या रंगात कराचं आहे, सत्तरच्या दशकात होते तसं. करड्या प्राइमरवर चांदी मारली तर राखेसारखी दिसते. अन् घरात कापूस भरून ठेवला आहे, त्याचे तंतू रंगात बसतात ते वेगळंच.
— हिंगणघाटहून

उत्तर : धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा बेस लागतो, मॅट म्हणजे बिनचमकीच्या करड्यावर चांदीची चमक मरते. काळा मारायच्या आधी प्राइमर २००० पर्यंत घासा, कारण चांदी एकही ओरखडा लपवत नाही, हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज बिचारा बरंच झाकून घेतो.

कापसाचं म्हणाल तर त्या खोलीत रंगकाम नकोच. दुसऱ्या खोलीत जमिनीवर पाणी शिंपडायचं, ते सुकू द्यायचं, सुती शर्ट झटकून यायचा आणि मारून झालं की लगेच विमानावर पुठ्ठ्याचा रिकामा खोका पालथा घालायचा. तरी तंतू बसलाच तर ओल्या रंगात चिमटा घालू नका, पूर्ण वाळू द्या आणि मग १५०० नं तेवढाच घासून काढा.